‘तो पार्ट आता येत नाही!’

चार वर्षांत आपण ड्रॉइंग शीटवर किती पार्ट काढतो याचा हिशोब नाही. कॉटर जॉइंट, नकल जॉइंट, फ्लँज कपलिंग. प्रत्येक वेळी सुरुवात कोऱ्या कागदापासून. लोड दिलेला, मटेरियल दिलेलं, फॅक्टर ऑफ सेफ्टीसुद्धा दिलेला. पण मशीन समोर आहे, पार्ट तुटलाय, ड्रॉइंग नाही, कंपनी बंद आणि दुकानदार म्हणतोय, ‘तो पार्ट आता येत नाही’. अशा वेळी काय करायचं, हे कुठल्याच सेमिस्टरला नाही. व्हायव्हालाही कोणी विचारत नाही.

मी मालवणचा. आमच्या किनाऱ्यावर मात्र हा प्रश्न रोजचा आहे. दांडीपासून सर्जेकोटपर्यंत अजून काही लाकडी होड्या आहेत ज्यांची इंजिनं त्यांच्या तांडेलांपेक्षा वयानं मोठी असतील. माझ्या मामाची होडी त्यातलीच. सागाच्या फळ्या, पठाण अजून भक्कम, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. इंजिन आजोबांच्या वेळचं. पाटीवरची अक्षरं खाऱ्या हवेनं कधीच खाऊन टाकलेली.

गेल्या मे महिन्यात इंजिन उघडलं तेव्हा कामाची यादी मोठी निघाली. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर फाटलेला, स्टर्न ट्यूबचा बुश झिजलेला, रिंगा गेलेल्या, आणि कनेक्टिंग रॉडच्या एका बोल्टचे आटे ताणलेले. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी झावळ्यांच्या छपराखाली ओढलेली असते. जे काही करायचं ते याच दिवसांत. मामा म्हणाला, ‘‘बाबू, तू इंजिनेर होतलस मां? मग ह्या इंजिनाचा काय होता तां बघ. नायतर कर्ज काढून फायबरची होडी घेवची लागतली.’’ म्हणजे इंजिन झालं नाही तर लाकडी होडी मोडीत, डोक्यावर कर्ज, आणि मामासोबतच्या तीन खलाशांचा हंगाम अधांतरी. तेव्हा हा माझ्यासाठी मिनी प्रोजेक्ट नव्हता.

त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते क्रमानं मांडतो. होडी नसली तरी गावची पिठाची गिरणी, उसाचा चरक, विहिरीवरचा पंप, सगळीकडे हीच पद्धत लागू पडते.

१. आधी ओळख पटवा

पाटी नसली तरी इंजिन स्वतःबद्दल बरंच सांगतं. पहिली गोष्ट बोअर. पण बोअर मोजायचा कुठे? लायनरच्या वरच्या भागात रिंगा घासतात, तिथे तो मोठा झालेला असतो. अगदी खाली, जिथे रिंगा पोचतच नाहीत, तिथे मूळ माप शिल्लक असतं. आमच्या इंजिनाचा खालचा बोअर आला १०१.६ मि.मी. मेट्रिकमध्ये हा आकडा विचित्र वाटतो. २५.४ ने भागा. बरोबर ४ इंच! स्ट्रोक ११४.३ मि.मी., म्हणजे साडेचार इंच. इंजिनाचं मूळ डिझाइन इंचातलं, हे तिथेच नक्की झालं. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्यानंतरही जुनी डिझाइनं बरीच वर्षं इंचातच बनत राहिली, म्हणून वय यावरून ठरत नाही, पण घराणं ठरतं.

दुसरी गोष्ट आटे. वर्कशॉपमधून थ्रेड गेज मागून आणला होता, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग इथे झाला. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट असेल तर एका इंचात १२ आटे. अमेरिकन पद्धतीचा अर्ध्या इंचाचा यूएनसी बोल्ट असेल तर १३ आटे. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, बाकी दोन्हींचा, म्हणजे यूएनसी आणि मेट्रिकचा, ६० अंश. दुकानात दोन्ही ‘अर्धा इंची’च म्हणून मिळतात. चुकीचा नट दोन फेरे छान जातो आणि मग अडकतो. तेव्हा पान्याला पाइप लावून जोर केला की नट बसतो खरा, पण स्टडचे आटे कायमचे जातात. आणखी एक गंमत म्हणजे ५/८ इंचाला व्हिटवर्थ आणि यूएनसी दोन्हींत ११च आटे असतात, फक्त कोन वेगळा. म्हणजे नट पूर्ण बसेल, पण आट्यांचा संपर्क अर्धवट राहील आणि कंपनानं तो सैल होईल. गेज डोळ्यासमोर उजेडात धरून फट दिसते का ते पाहायचं, दुसरा उपाय नाही.

आमच्याकडे १२ आटे, ५५ अंश. घराणं ब्रिटिश.

२. यादीचे तीन भाग करा

‘इंजिनाचे पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य मुळात चुकीचं आहे. इंजिन म्हणजे एक वस्तू नव्हे. यादी करून प्रत्येक पार्टसमोर अ, आ किंवा इ लिहा.

अ म्हणजे जे कधीच कंपनीचे नव्हते असे पार्ट. बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग, पट्टे, चाव्या. इंजिन कंपनीनं ते बाजारातूनच घेतलेले असतात. बेअरिंगवर ६२०५ लिहिलंय? शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे आतला व्यास २५ मि.मी. बाहेरचा ५२, रुंदी १५. तेच ६३०५ असेल तर आत २५च, पण बाहेर ६२ आणि रुंदी १७, म्हणजे जास्त भार घेणारं. शेवटच्या आकड्यांचा हा नियम ०४ पासून पुढे लागू. पुढे ‘सी ३’ लिहिलं असेल तर आतली फट नेहमीपेक्षा जास्त ठेवलेली आहे, गरम होणाऱ्या जागेसाठी. तेही दुकानदाराला सांगायला हवं. ऑइल सीलला तीन मापं पुरतात: शाफ्ट, घर आणि रुंदी. ३५, ५२, ७ असं म्हटलं की कुडाळच्या दुकानातही सील मिळतं. कंपनीचं नाव सांगितलं तर मात्र मान हलते.

नोझल आणि डिझेल पंपाचंही काहीसं असंच. भारतात कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजिनांवर ‘मायको’चा पंप असायचा. ही कंपनी १९५१ साली बेंगळुरूला सुरू झाली आणि २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. जुने मेस्त्री अजून मायकोच म्हणतात. नोझलवर बारीक कोरलेला नंबर भिंगानं वाचा आणि डिझेल पंपवाल्याकडे जा. इंजिनाचं नाव तो विचारणारही नाही.

आ म्हणजे जमिनीवरच्या भावंडांचे पार्ट. बोटीचं इंजिन बहुतेक वेळा वेगळं जन्माला येत नाही. ट्रकचं, ट्रॅक्टरचं किंवा शेतीपंपाचं इंजिन घ्यायचं, त्याला समुद्राच्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजर आणि मरीन गिअरबॉक्स लावायचा, झालं बोटीचं. आपल्या ट्रॉलर्सवर अशोक लेलँडची इंजिनं असतात ती याच जातीची. म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, बेअरिंगच्या वाट्या हा सगळा ऐवज ट्रकच्या किंवा पंपाच्या स्पेअर पार्टवाल्याकडे असू शकतो.

याचं जगातलं सगळ्यात मजेशीर उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये आहे. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीनं १९३० च्या सुमारास एक संथ चालणारं डिझेल इंजिन काढलं. ६ हॉर्सपॉवर, ६५० फेरे, बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच. इंग्लंडमध्ये ते १९८७ साली बंद झालं. पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच मापाची इंजिनं बनवणं चालूच ठेवलं होतं. त्यामुळे इंग्लंडमधले जुन्या इंजिनांचे शौकीन आपल्या मूळ लिस्टरसाठी राजकोटचे पार्ट घेऊ लागले! कंपनीनं उत्पादन बंद केलं तरी माप जिवंत राहिलं तर पार्ट जिवंत राहतो.

हे डोक्यात ठेवून आम्ही बोटीचा नाद सोडला आणि शेतीपंपाच्या मागे लागलो. मालवणहून फोंडा घाट चढून कोल्हापूर. उसाच्या पट्ट्यात एके काळी डिझेल इंजिनांवर पाणी उपसलं जायचं आणि ऑइल इंजिन बनवण्याचा धंदाही कोल्हापुरात जोरात होता. शिवाजी उद्यमनगरात तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या आजोबांनी आमची जुनी रिंग हातात घेतली, बोटांनी फिरवली आणि माळ्यावर पोरगा चढवला. बोअर ४ इंच, रिंगांची जाडी जुळली. बोटीचं इंजिन कधी बघितलं नव्हतं त्यांनी. गरजही नव्हती.

इ म्हणजे खरोखर बोटीचेच पार्ट. पाण्याचा पंप, स्टर्न ट्यूब, हीट एक्स्चेंजर, गिअरबॉक्स. हे ना ट्रकवाल्याकडे ना पंपवाल्याकडे. हे एक तर भंगारात शोधायचे किंवा बनवायचे. भंगारासाठी मुंबईत रे रोडचा दारूखाना आणि गुजरातमध्ये अलंगच्या रस्त्यावरची दुकानं. मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाइफबोटींची इंजिनंसुद्धा तिथे मिळतात. आमच्याकडे वेळ कमी होता, म्हणून आम्ही बनवायचं ठरवलं.

३. बनवताना झिजेची कॉपी करू नका

झिजलेला बुश टर्नरच्या हातात देऊन ‘अस्साच बनव’ म्हटलं तर तो तस्साच बनवेल, झिजेसकट. म्हणून माप झिजलेल्या जागेचं घ्यायचं नाही. बुशच्या दोन्ही टोकांना, जिथे शाफ्ट घासत नाही, तिथलं माप घ्यायचं. शाफ्टही ग्लँडखाली झिजतो, तो न झिजलेल्या भागावर मोजायचा. दोन्हींतली फट ठरवायची आणि ती आकड्यात लिहून द्यायची.

ओतकाम करायचं असेल तर आणखी एक हिशोब. गनमेटल थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. समजा तयार बुशचा बाहेरचा व्यास ६० मि.मी. हवाय. लेथवर काढायला प्रत्येक बाजूला ३ मि.मी. धरा, झाले ६६. त्यावर दीड टक्का, म्हणजे पॅटर्न ६७ चा. जुना बुशच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर ओतीव येईल सुमारे ५९.१ चं, आणि त्यातून अजून लेथला काढायचं शिल्लक! प्रॉडक्शनच्या पेपरला ‘श्रिंकेज अलाउन्स’वर चार मार्कांची टीप लिहून आपण मोकळे होतो. तीच टीप इथे बुश वाचवते.

आता मटेरियल. टर्नर म्हणाला, नायलॉनचा करू, स्वस्त पडेल. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. वर्कशॉपमध्ये छान फिरणारा बुश आठ दिवसांत शाफ्टला आवळून बसतो. दुसरा पर्याय साधं पितळ. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. बाहेरून आकार तोच दिसतो, नखानं खरवडलं तर भुगा पडतो. म्हणून गनमेटल, म्हणजे ८८ टक्के तांबं, १० टक्के कथिल आणि २ टक्के जस्त. स्टेनलेसचंही तेच. दुकानात नुसतं ‘एसएस’ म्हणतात. ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे चुंबकानं फरक कळत नाही. समुद्रासाठी ३१६ हवं, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडनं पडणारे खड्डे ते बरेच रोखतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

इम्पेलरसाठी पाच गोष्टी टिपा: बाहेरचा व्यास, रुंदी, आतलं भोक, पात्यांची संख्या, आणि शाफ्टला तो चावीनं बसतो की खाचांनी. या मापांवरून दुसऱ्याच कंपनीच्या पंपाचा इम्पेलर आम्हाला मिळाला. रबर मात्र निओप्रीनचं असल्याची खात्री करून घेतली.

इथेच एक बारीक मुद्दा. दुकानाच्या माळ्यावर वीस-तीस वर्षं पडून राहिलेला, कधीच न वापरलेला पार्ट घ्यावा का? तेलाच्या कागदात गुंडाळलेला, गंज नसलेला धातूचा असेल तर आनंदानं घ्या. रबराचा असेल तर घेऊ नका. सील, होज, इम्पेलर हे वापरात नसले तरी म्हातारे होतात.

४. काही पार्टची कॉपी करायची नाही

आता कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. खरा वाद इथे झाला. गावातला टर्नर चांगला माणूस आहे, हात स्वच्छ आहे. म्हणाला, एका दिवसात चार बोल्ट काढून देतो. मामाही तयार. जुलै सुरू झालेला, वेळ निघून चाललेला.

मी नको म्हटलं. कारण सांगतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ८०० मेगापास्कलला तुटेल आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० ला कायमचा ताणला जाईल. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. टर्नरकडचा साधा एमएस रॉड सुमारे ४०० ला तुटतो आणि २५० च्या आसपासच ताणला जातो. शिवाय कंपनीचे आटे दाबून काढलेले असतात, लेथवर ते कापले जातात, आणि कापलेल्या आट्याच्या मुळाशी फटीगची चीर लवकर सुरू होते. हा बोल्ट दर मिनिटाला शेकडो वेळा ओढला जातो. तुटला तर रॉड सुटून क्रँककेस फोडून बाहेर येतो, आणि लाकडी होडीत इंजिनाखाली फळीच असते.

मामा म्हणाला, ‘‘अरे, दर्यात कोण बोल्ट तपासूक येता? चालता तां चालूदे.’’

‘‘मामा, दर्यात कोण येणा नाय, म्हणानच,’’ मी म्हटलं.

मामा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही परत कोल्हापूरची गाडी धरली. त्याच आजोबांकडे दोन दिवसांच्या शोधानंतर बोल्टचा सेट मिळाला, तेलकट कागदात, न वापरलेला. शँकचा व्यास मायक्रोमीटरनं पाहिला, आटे गेजनं पाहिले, लांबी पाहिली. जुळलं. जुन्या इंजिनातून काढलेले वापरलेले बोल्ट त्यांनी आधी दाखवले होते, निम्म्या किमतीत. ते घेतले नाहीत, कारण असे बोल्ट आधी किती ताणले गेलेत हे डोळ्याला दिसत नाही.

माझी यादी अशी आहे. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, डिझेलची हाय प्रेशर नळी, होडीच्या तळाला असलेला पाण्याचा कॉक आणि सुकाणूचा जोड. हे चार अंदाजानं बनवायचे नाहीत. अस्सल मिळाले नाहीत तर ग्रेडचं मटेरियल, उष्णता प्रक्रिया आणि तपासणी यांची कागदावर खात्री देणाऱ्याकडूनच बनवून घ्यायचे. तेही होत नसेल तर होडी किनाऱ्यावर राहिली तरी चालेल.

५. कार्ड बनवा

शोधाला निघण्याआधी प्रत्येक पार्टचं एक कार्ड करा. शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, न झिजलेल्या जागेची मापं, आटे, मटेरियल, तो कुठे बसतो आणि काय काम करतो. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. काम कळलं की समोरचा माणूस स्वतःच पर्याय सुचवतो. आणि तरुण सेल्समनपेक्षा कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी दाखवा. त्याचा कॅटलॉग डोक्यात असतो.

ज्यांना वाटतं की ड्रॉइंगशिवाय काहीच करता येत नाही, त्यांनी ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’बद्दल वाचावं. अजिंठ्याच्या लेण्यातलं ५ व्या शतकातलं एक जहाजाचं चित्र, एवढाच आधार. त्यावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सनं, केरळच्या कारागिरांच्या हातानं, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून अख्खं जहाज बांधलं. मॉडेलच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. दोरीनं शिवायची विद्या काही कारागिरांच्या हातात टिकली होती म्हणूनच हे जमलं.

आमच्या इंजिनाचं म्हणाल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते चालू झालं. आधी पिंपातल्या पाण्यावर तासभर चालवलं, मग बोल्ट पुन्हा तपासले. ग्लँडची डोरी नवी भरली. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पाणी गळू द्यायचं, पूर्ण आवळायचं नाही, हे मामानं मला शिकवलं. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात होती. गिअरबॉक्सच्या कोनचा जोडीदार अजून मिळालेला नाही. त्याचं कार्ड करून ठेवलंय आणि शोध चालू आहे. तो गेला तर पुढचा हंगाम पुन्हा प्रश्नात.

तेव्हा एक विनंती. या सुट्टीत घरी जाल तेव्हा गावातलं एक जुनं मशीन निवडा. ते चालू असतानाच त्याच्या झिजणाऱ्या पार्टची कार्डं बनवा, मालकाला एक प्रत द्या, एक स्वतःकडे ठेवा. बंद पडल्यावर मोजायला फक्त तुकडे उरतात. थ्रेड गेज आणि व्हर्नियर वर्कशॉपमधून सही करून मिळतो. फक्त सुट्टीनंतर परत करा, नाहीतर पुढच्या वर्षी मला मिळायचा नाही!